लाल, हिरवी, पांढरी आणि मुकी

गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत स्तेफनच्या सणाला, नव्या सांगवीत पुतण्याच्या घरी आम्हा सर्वांचे जेवण होते. पुतण्या चाकणच्या एका मोटार कारखान्यात अभियंता आहे. कामाला चोख, मनाने उदार, आणि रविवारची मिस्सा न चुकवणारा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे कठोर शब्द येतील त्यांचा रोख त्याच्या स्वभावावर नाही.

बैठकीच्या खोलीत पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखाली काचेचे एक छोटे कपाट आहे. त्यात तीन ध्वनिमुद्रिका उभ्या करून ठेवलेल्या होत्या. तिन्हींच्या वेष्टनावर एकच चित्र, एकच नाव. नाताळावरच्या परदेशी चित्रपटांतील गाण्यांचे ते संकलन होते. मला वाटले, तीन भाग असतील. पुतण्याने हसून खुलासा केला, "काका, भाग एकच आहे. ही लाल, ही हिरवी, ही पांढरी. चौथी मागवली आहे, ती पारदर्शक आहे, आत बर्फासारखे ठिपके." गाणी वेगळी आहेत का, असे मी विचारले. गाणी तीच. क्रम? क्रमही तोच. प्रत्येकीची किंमत साडेतीन हजारांच्या आसपास, टपालखर्च निराळा. मी पांढरी हातात घ्यायला गेलो तेव्हा तो घाईने म्हणाला, "काका, तिचे सील राहू द्या. सील गेले की किंमत गेली." तिघींपैकी लाल तेवढी उघडलेली होती, आणि तीही आणल्या दिवशी एकदाच वाजली होती.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. सणाचे जेवण होते, सूनबाईंनी पोर्क विंदालू फार उत्तम केले होते, आणि पाहुण्याने यजमानाच्या कपाटावर टीका करू नये एवढी रीत मला कळते. परंतु त्यानंतर वर्षभरात सांगवी, पिंपळे गुरव आणि दापोडी येथल्या आपल्याच आणखी तीन घरांत मी अशीच कपाटे पाहिली. तेव्हा आता हे लिहिणे भाग आहे.

प्रथम एक आक्षेप दूर करतो, कारण तो माझा नाही. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात हा विषय निघाला असता एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "चौदा हजार रुपये! तेवढ्यात चार गरीब मुलांची वह्यापुस्तके झाली असती." हा आक्षेप ऐकला की मान आपोआप डोलते. पण हाच आक्षेप बेथानी गावी भोजनाच्या वेळी कोणी घेतला होता, हे वाचकांस स्मरत असेल. बहुमोल सुगंधी तेल प्रभूसाठी ओतले गेले तेव्हा, हे विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहुदा इस्कार्योत होता, असे संत योहान सांगतो. सौंदर्यावर खर्च करणाऱ्या प्रत्येकाला गरिबांचे नाव घेऊन गप्प करण्याची सवय आपल्यात फार आहे, आणि गंमत म्हणजे तसे बोलणारे वह्यापुस्तके घेऊन देताना क्वचितच दिसतात. संगीतावर माणसाने खर्च करावा. ज्याला जमते त्याने भरपूर करावा.

पण त्याच प्रसंगातली एक लहानशी गोष्ट संत मार्काने टिपली आहे. त्या स्त्रीने तेलाची कुपी फोडली. सील तसेच ठेवून तिने ती फडताळात मांडली नाही. किंमत जाईल ही भीती तिला नव्हती. माझा सगळा वाद या एका कृतीपाशी येऊन थांबतो.

आता रंगाविषयी. या बाबतीत मी थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या साच्यांवर मी २९ वर्षे काम केले आहे. तबकडी ज्या पदार्थाची करतात तो पीव्हीसी. या पदार्थाला स्वतःचा असा रंग नसतो. आपण जी काळी रेकॉर्ड पाहत आलो ती काळी असते ती त्यात मिसळलेल्या कार्बनच्या काजळीमुळे. रंगीत करायची तर काजळीऐवजी दुसरे रंगद्रव्य घालायचे. तापवलेला गोळा दोन साच्यांच्या मध्ये ठेवायचा, वाफेने तापलेले दाबयंत्र शंभर टनांच्या आसपासच्या जोराने मिटायचे, मग पाणी सोडून थंड करायचे, कडा कापायची. अर्ध्या मिनिटाचे काम. लाल संपून हिरवी सुरू करताना साचा बदलत नाही, गाणे बदलत नाही, गायक पुन्हा गात नाही. बदलतो तो फक्त हॉपरमध्ये ओतलेला दाण्यांचा डबा.

एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना मधला जो माल निघतो तो धड या रंगाचा नसतो, धड त्या रंगाचा नसतो. आमच्या खात्यात त्याला रीग्राइंड म्हणत. तो दळून पुन्हा वापरायचा, आणि त्याच्या वस्तूला गिऱ्हाईक कमी भाव देई. रेकॉर्डच्या धंद्यात याच दळलेल्या उरल्यासुरल्या मालाच्या तबकड्या निघतात. प्रत्येकीवर निराळे डाग, म्हणून 'जगात अशी दुसरी नाही' असे सांगून त्या विकल्या जातात. कचरा वाया न घालवणे चांगलेच, त्याला माझा विरोध नाही. पण आमच्या फोरमनला हे कळले असते तर तो हसून हसून खुर्चीवरून पडला असता.

रंगाला एके काळी काही अर्थ होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९४९ साली अमेरिकेच्या आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या बाजारात आणल्या तेव्हा प्रत्येक संगीतप्रकाराला एकेक रंग दिला होता. अभिजात संगीत लाल, मुलांची गाणी पिवळी, ग्रामीण गीते हिरवी, लोकप्रिय गाणी काळी. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपली रेकॉर्ड ओळखता येत होती. थोड्याच वर्षांत ती पद्धत मागे पडली आणि बहुतेक सर्व तबकड्या काळ्या झाल्या. तेव्हा वेगळ्या गाण्याला वेगळा रंग होता. आज एकाच गाण्याला दहा रंग आहेत. १९६५ सालचे 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' हे व्हिन्स ग्वाराल्डीचे सुंदर पियानोसंगीत गेल्या काही वर्षांत इतक्या रंगांत निघाले आहे की संग्राहकांना त्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात. संगीत १९६५ चेच आहे.

हा धंदा लहान नाही. २०२२ साली अमेरिकेत रेकॉर्डची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. ही वार्ता वाचून मला आनंदच झाला होता. परंतु ल्युमिनेट या संगीतविक्रीची मोजदाद ठेवणाऱ्या संस्थेने २०२३ साली सांगितले की तिकडे रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांकडेच ती वाजवण्याचे यंत्र आहे. म्हणजे दर दोन गिऱ्हाइकांतल्या एकाला आपण घेतलेली तबकडी घरी ऐकण्याची सोयच नाही.

पुतण्याकडे यंत्र आहे, आणि ते उत्तम आहे. म्हणूनच मला अधिक खेद होतो. बरे, सील राखून वस्तू तरी नीट राहते का? अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासारखी संस्था, जिच्याकडे ध्वनिमुद्रिकांचा प्रचंड साठा आहे, स्पष्ट सांगते की वेष्टनावरचा आवळ प्लॅस्टिकचा कागद काढून टाकावा. तो कागद कालांतराने आणखी आवळत जातो आणि आतली तबकडी वाकवतो. पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेल्या त्या काचेच्या कपाटात एप्रिल-मे महिन्यांत काय उकाडा होत असेल, हे सांगवीकरांना सांगायला नको. किंमत राखण्यासाठी जे सील जपायचे तेच वस्तू बिघडवते, ही बाजाराची चेष्टा आहे.

आता त्या गाण्यांकडे वळतो. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. कितीएक मला स्वतःला आवडतात. त्या संकलनातले सर्वांत प्रसिद्ध गाणे 'व्हाइट ख्रिसमस'. ते १९४२ च्या 'हॉलिडे इन' या चित्रपटातले. लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन हा रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेला यहुदी, गाणारा बिंग क्रॉस्बी हा आपल्यासारखाच कॅथोलिक. त्याच क्रॉस्बीने पुढे १९४४ साली 'गोइंग माय वे' मध्ये धर्मगुरूची भूमिका करून ऑस्कर मिळवले. या गाण्याची एक सुरुवातीची कडवी बहुधा गाळली जाते. तिच्यात गाणारा कॅलिफोर्नियाच्या उन्हात, ताडांच्या झाडांखाली उभा आहे आणि आपल्या उत्तरेकडच्या गावच्या बर्फाची आठवण काढतो आहे. म्हणजे ते घर सोडून आलेल्या माणसाचे गाणे आहे. ध्वनिमुद्रणही मे महिन्यात, लॉस एंजलिसमध्ये झाले.

या गाण्याचा पुढचा इतिहास प्रत्येक संग्राहकाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. १९४२ च्या मुद्रणावरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या की मूळ साचाच झिजून गेला. अखेर १९ मार्च १९४७ रोजी क्रॉस्बीला त्याच वाद्यवृंदासह पुन्हा स्टुडिओत उभे राहून तेच गाणे तसेच्या तसे गावे लागले. आज जगभर जे ऐकू येते ते बहुतेक हे दुसरे मुद्रण. लोकांनी ऐकून ऐकून साचा झिजवला. गाण्याच्या वाट्याला याहून मोठे भाग्य कोणते? आणि त्याच गाण्याची पांढरी प्रत आमच्या सांगवीत सीलबंद, एकही ओरखडा न उठता उभी आहे.

इथे कोणी म्हणेल की संग्राहक नसते तर जुने संगीत वाचलेच नसते. खरे आहे, आणि मी त्यांच्यापुढे हात जोडतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले. त्या काळी आपल्याकडचे मुद्रण जर्मनीत हानोफरला पाठवून तबकड्या काढाव्या लागत, आणि गंमत अशी की जगभरच्या त्या तबकड्यांत जी लाख असे ती मोठ्या प्रमाणावर आपल्याच छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची असे. कंपन्यांनी त्या काळच्या पुष्कळ गोष्टी राखल्या नाहीत. त्या राखल्या चोरबाजारात आणि आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात उन्हातान्हात गुडघे टेकून बसलेल्या वेड्या माणसांनी. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. तिच्या कामात डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने आपली कितीतरी वर्षे घातली. या मंडळींनी तबकड्या गोळा केल्या, पुसल्या, त्यांचे क्रमांक लावले, त्यांच्याविषयी लिहिले, आणि मुख्य म्हणजे लोकांना बोलावून त्या ऐकवल्या.

त्यांचा संग्रह आणि आमच्या कपाटातला संग्रह यांना एकच शब्द लावणे मला जड जाते. त्यांनी जे उचलले ते उद्या भंगारात जाणार होते. 'व्हाइट ख्रिसमस' ला कोणता धोका आहे? ते उद्या जगातून नाहीसे व्हायचे म्हटले तरी होणार नाही. एक हजार प्रतीच काढणार, असे कंपनी ठरवते, वेष्टनावर आकडा छापते आणि दुर्मिळता तयार होते. मनात आणले तर पुढच्या डिसेंबरात निळी काढून ती आणखी हजार दुर्मिळ नग निर्माण करील. खरी दुर्मिळता अशी कारखान्यात होत नाही. ती आपल्या माळ्यावर, पेटीत, पावसाळ्यात बुरशी धरत पडलेली असते, तिच्यावर आकडा छापलेला नसतो आणि तिच्यासाठी कोणी रांग लावत नाही.

ही कोणती दुर्मिळता, ते सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मूळची अहमदनगर जिल्ह्यातली, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. राहुरी, संगमनेर, नेवासे, श्रीरामपूर या भागांतून आपले वडील कारखान्यांच्या भोंग्यामागे पिंपरी-चिंचवडला आले आणि मुळा-पवनेच्या बेचक्यातल्या या सांगवीत भाड्याच्या खोल्या शोधू लागले. सोबत त्यांनी भांडीकुंडी आणली, हरेगावच्या मतमाउलीची तसबीर आणली, आणि गाणी आणली. त्या गाण्यांत बर्फ नव्हता. बेथलेहेमच्या वाटेवर हुरड्याचे शेत होते, मेंढपाळ घोंगडी पांघरून शेकोटीशी बसलेले होते, आणि मारिया माता बाळाला ओवीत जोजवत होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषेला वेदीपाशी जागा दिली आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेचा मान राखण्यास सांगितले. पण आमच्या खेड्यांतले मिशन मास्तर त्याच्या कितीतरी आधीपासून पेटी घेऊन भजन-कीर्तन करीत होते. रेव्हरंड टिळकांची भजने पंथाची कुंपणे ओलांडून आमच्याकडे आली होती. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून फादर जॉर्ज प्रॉक्श भारतीय सुरांत आणि नृत्यांत शुभवर्तमान मांडत होते.

यांपैकी खेड्यांतल्या गाण्यांची तबकडी कोणी काढली नाही. तबकडी ही शहरातल्या कंपन्यांची गोष्ट होती. पुढे १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि घरोघर टेपरेकॉर्डर आला, तेव्हा प्रथमच गावच्या गायकवृंदाचा, मध्यरात्रीच्या मिस्सेचा, मास्तरांच्या नाताळकीर्तनाचा आवाज पकडून ठेवता आला. एकेका गावाची एकेक कॅसेट. अनेकदा तिची दुसरी प्रतही नसे. ही खरी मर्यादित आवृत्ती, प्रत क्रमांक एक, एकूण प्रती एक.

त्या कॅसेटी आज कोठे आहेत? जुन्या सांगवीत नदीकाठच्या घरांत ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा २५ जुलै २०२४ रोजी पुराचे पाणी शिरले. दुसऱ्या वेळी आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होते. आम्ही आधी गॅसची टाकी उचलली, मग कागदपत्रे, मग टीव्ही. पलंगाखालची पत्र्याची पेटी तिसऱ्या दिवशी उघडली. तिच्यात नऊ कॅसेटी होत्या. चिखल इतका बारीक असतो की तो फितीच्या प्रत्येक वेढ्यात जाऊन बसतो. नवांपैकी दोन वाचल्या, त्याही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या होत्या म्हणून. त्या वेळी चौथ्या मजल्यावर, काचेच्या कपाटात, तीन रंगांतला बर्फ अगदी कोरडा होता.

हे मी अखेर पुतण्याला बोलून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग जे उत्तर दिले ते जसेच्या तसे देतो, कारण ते खोडून काढणे मला अजून जमलेले नाही. तो म्हणाला, "काका, लहानपणी नाताळच्या सुट्टीत मी काय ऐकत होतो? तुम्ही सगळे मोठे बाहेर अंगणात गप्पा मारत बसत होतात आणि आम्हा पोरांना आत टीव्हीवर 'होम अलोन' लावून दिलेला असे. माझा नाताळ त्या गाण्यांचा आहे. ती रेकॉर्ड पाहिली की मला आजीचे घर आठवते. तुमची गाणी वाईट आहेत असे मी म्हणालो नाही. पण ती तुम्ही मला कधी ऐकवलीत? मला इंग्रजी शाळेत कोणी घातले? मास्तरांचे कीर्तन मी शिकायला तयार होतो, पण त्याविषयी कोणी सांगितलेच नाही."

'होम अलोन' १९९० चा. त्याचे संगीत जॉन विल्यम्सचे, आणि ते चांगले आहे. मुलांच्या कानांवर पहिल्यांदा जे पडते तेच त्यांचे माहेर होते, यात मुलांचा काय दोष?

तेव्हा आता माझे स्वतःचे सांगणे प्राप्त आहे. वाचलेल्या दोन कॅसेटींपैकी एक १९८६ च्या नाताळची आहे. आमच्या गावच्या मिशन मास्तरांनी त्या वर्षी स्वतः रचलेले कीर्तन केले होते आणि मी पुण्याहून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर ते दोन्ही बाजूंना घेतले होते. पुन्हा कोणी त्यावर काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या मी मोडून टाकल्या होत्या. १९९२ साली मला रेडिओवरची चित्रपटगीते घ्यायची होती, रात्रीची वेळ, दुकाने बंद, कोरी कॅसेट घरात नव्हती. मी दुसऱ्या बाजूच्या भोकावर चिकटपट्टी लावली. मेंढपाळांचा प्रसंग आणि तीन राजांची स्वारी हा सगळा उत्तरार्ध त्या बाजूला होता. आज तेथे जाहिरातींसह अर्धा तास फिल्मी गाणी आहेत. मास्तर १९९५ मध्ये वारले. त्यांच्या वहीचा मी पुष्कळ शोध केला, ती मिळाली नाही.

त्यामुळे पुतण्याला मी पैसे उधळतोस असे म्हणू शकत नाही. त्याने निदान काही पुसून टाकलेले नाही. माझा आक्षेप एवढाच राहतो की जपण्याची जी अपार चिकाटी त्याच्यापाशी आहे, मखमली ब्रश, धूळ काढण्याचे द्रव, आतले कागदी पाकीट बदलण्याची शिस्त, ती सगळी जेथे तिची गरज नाही तेथे खर्च होत आहे. आपल्या समाजात असे तरुण डझनावारी आहेत. त्यांच्यापाशी उत्तम यंत्रे आहेत, संगणक आहेत, कान आहेत, पैसे आहेत. फक्त त्यांना कोणी म्हटलेले नाही की बाबांनो, माळ्यावर चढा.

आणि ज्यांनी म्हणायला हवे ते आम्ही ज्येष्ठ काय करतो? दर आगमनकाळात धर्मग्रामाच्या सभेत नाताळगोठ्याच्या दिव्यांवर तासभर चर्चा करतो. कापसाचा बर्फ किती किलो आणायचा यावर मतभेद होतात. गेल्या वर्षी एका सभासदाने यंत्राने फेस उडवून बर्फ पाडण्याची सूचना केली आणि ती मंजूर झाली. खर्चाबद्दल कोणी यहुदाचा प्रश्न विचारला नाही. जुन्या कॅसेटी गोळा करून त्या संगणकावर उतरवाव्यात ही सूचना मी मांडली तेव्हा अध्यक्ष म्हणाले की विषय चांगला आहे, पुढल्या सभेत घेऊ. त्यानंतर चार सभा झाल्या.

'ख्रिस्तपुराणा'चा दाखला इथे आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. तरीही ग्रंथ आपल्या हाती आहे, कारण घराघरांतून लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, चर्चमधून आणि ओसरीवर बसून मोठ्याने गायला, आणि वही जीर्ण झाली की दुसरी उतरवली. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. कोणाच्याही कपाटातली कोरी पहिली आवृत्ती कामाला आली नाही. कामाला आल्या त्या बोटांनी मळलेल्या वह्या.

तेव्हा सांगवीतल्या आणि आसपासच्या घरांना माझी मागणी आहे, आणि ती विनंतीच्या सुरात करण्याचे मला कारण दिसत नाही. आपापल्या पेट्या या आगमनकाळापूर्वी उघडा. जी कॅसेट सापडेल तिच्यावर गाव, वर्ष, गाणाऱ्यांची नावे, जेवढी आठवतील तेवढी, पेन्सिलीने लिहा. ज्यांना नावे आठवतात ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ओलसर कॅसेट लगेच यंत्रात घालू नका, फीत तुटेल. आधी सावलीत वाळवा. चुंबकाजवळ, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या पाठीशी ठेवू नका. उभी ठेवा. आणि पट्ट्यांच्या भोकांवर चिकटपट्टी दिसली तर ती आधी काढा.

गेल्या ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याने हिरवीचे सील फोडले होते. वेष्टनाच्या कागदाने तबकडी एका कडेला किंचित वाकली होती, सुई तेथे आली की वर उडत होती. "काका, तुम्ही म्हणालात तसेच झाले," असे तो म्हणाला, आणि त्यात राग नव्हता. पांढरीचे सील अजून आहे. पारदर्शक येऊन पोहोचली आहे, तिच्याविषयी मी विचारले नाही. मग त्याने विचारले, १९८६ च्या त्या कॅसेटची पहिली बाजू शाबूत आहे ना?

मी ती दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. आतला नमद्याचा बारीक तुकडा, जो फितीला यंत्राच्या डोक्यावर दाबून धरतो, तो गळून पडला आहे, त्यामुळे अद्याप वाजवता आलेली नाही. जुन्या बाजारात रविवारी तशीच एखादी निकामी कॅसेट शोधून तिचा तुकडा काढून बसवायचा, असे ठरले आहे.